टिकली

धरणगावच्या तहसीलसमोर, सहा बाय आठच्या गाळ्यात
माझा संगणक मे महिन्यात निळा पडला.
बंद केला, चालू केला, बाजूने दोन थापा मारल्या.
निळाच.

युनूस पिंजारीने झाकण उघडलं
तर आत कापूस. जिनिंगचा, हवेतून आलेला,
पंख्याच्या पात्यांना गुंडाळून बसलेला.
त्याचे वडील धनुकली घेऊन दारोदार जायचे,
जुनी गादी उसवून, पिंजून, पुन्हा भरून द्यायचे.
तो म्हणाला, हेही तसंच ताई.
खोळ तीच, आतलं दुसरं.

पेनड्राइव्ह लावला.
काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या,
कोर्टातला कारकून पुकारा करतो तशा,
कुणी ऐकतंय का याची पर्वा न करता.
मग एक प्रश्न येऊन थांबला:
नुसतं वापरून बघायचंय, की बसवायचंय?

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
आधीचं सगळं कुणीतरी परस्पर बसवून गेलेलं
आणि कोपऱ्यात कायमची एक ओळ, ही प्रत अस्सल नाही.
गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून
त्या ओळीवर मी टिकली चिकटवली होती. मरून, मोठी.

म्हटलं, आधी बघू.

भाषांची लांबच लांब यादी. कुठल्या कुठल्या बेटांच्या.
मराठी सापडली.
बाकावरून भिलाआप्पा म्हणाले, "आपली नही का माय त्यामा?"
नव्हती.

आप्पा सकाळपासून बसलेले.
दाखल्यावर भिका, आधारवर भिला,
आणि पेन्शनवाल्यांना दोघांपैकी एकच हवा.
मागच्या वर्षीचा असाच मजकूर होता माझ्याकडे,
तो उघडला
आणि पडद्यावर नुसते कंस, टक्के, इंग्रजी अक्षरांचा भुगा.

युनूस जरा थांबून बोलला.
ताई, हे आतून कधी मराठी नव्हतंच.
इंग्रजी अक्षराला आपल्या अक्षराचा चेहरा लावलेला.
चेहरा तिकडे राहिला.

अकरा वर्षं.
वारस, वाटण्या, गहाळ झालेले दाखले,
एका बाईचं तिला परत नांदायला घ्यावं म्हणून लिहिलेलं पत्र.
मी लिहीत होते आणि यंत्राला
त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

नव्याने बसले. बोटं चुकत होती.
प्रतिज्ञापत्र.
पहिल्याच शब्दात तीन जोडाक्षरं, चार मिनिटं गेली.
पण ज्ञ उमटला तो ज्ञच होता, आतूनसुद्धा.
अर्धं पान झालं असेल
आणि वीज गेली.

पाऊण तासाने आली तेव्हा
त्याला काहीच आठवत नव्हतं. ना आप्पा, ना मी.
पुन्हा तोच प्रश्न, त्याच नम्रपणे.
बसवलेलंच नव्हतं तर आठवणार काय?
या वेळी मी युनूसकडे बघितलं नाही.
बसव, म्हटलं, आणि स्वतःच दाबलं.

प्रिंटर ओळखेना. काळी खिडकी उघडून पासवर्ड मागितला.
टाइप करतेय तर काही दिसेना,
ठिपका नाही, चांदणी नाही.
कीबोर्ड मेला रे!
नाही ताई, त्याला पोचतंय, तो दाखवत नाही फक्त.
आठ अक्षरं अंधारात टाकली, एंटर दाबलं.
मागे प्रिंटर खाकरला.

आप्पांनी अंगठा दिला.
भिका आणि भिला ही एकच व्यक्ती असून
ती व्यक्ती मीच आहे.
कागद उन्हात धरून वाळवत, हसत गेले.

किती रे युनूस?
सिस्टीमचे काही नाही.
कापूस काढल्याचे दोनशे.

संध्याकाळी शटर ओढताना लक्षात आलं,
टिकली अजून काचेवर तिथेच आहे,
आणि खाली झाकायला काही नाही, फक्त घड्याळ.
नखाने काढली.
वेळ दिसली, सात दहा.
डिंकाचा डाग मात्र राहिला,
उद्या रॉकेलचा बोळा फिरवून बघते.